ओळखीच्या पत्त्यावरून पैशांची मागणी: पासवर्ड बदलूनही तोच मेल पुन्हा का येतो?

तक्रार साधारणपणे अशी असते. एखाद्या निवृत्त प्राध्यापकांच्या, मंडळाच्या चिटणिसांच्या किंवा नात्यातल्या काकांच्या ईमेल पत्त्यावरून शेकडो ओळखीच्या लोकांना पैशांची तातडीची मागणी करणारा मेल जातो. कोणीतरी फोन करून कळवते, खातेदार घाबरून पासवर्ड बदलतो, सर्वांची क्षमा मागतो, आणि काही आठवड्यांनी तोच मेल थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा त्याच लोकांकडे पोहोचतो. दुसऱ्या वेळी लोक खातेदारालाच बोल लावू लागतात, आणि वयस्कर खातेदार तर शरमेने ईमेल वापरणेच सोडून देतात. असे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. हा प्रकार पुन्हा पुन्हा घडतो, कारण वरून सारख्या दिसणाऱ्या तीन वेगवेगळ्या बिघाडांवर पासवर्ड बदलण्याचा एकच उपाय केला जातो.

मेलचे रूप

जुना नमुना अनेकांनी पाहिलेला असेल. "मी अचानक लंडनला आलो, काल रात्री हॉटेलजवळ मला लुटले, पाकीट, फोन आणि कार्डे गेली, पासपोर्ट तेवढा वाचला आहे, विमान काही तासांत आहे आणि बिल चुकते केल्याशिवाय हॉटेलवाले सोडायला तयार नाहीत, परतल्याबरोबर पैसे देतो." शहर बदलते, कधी माद्रिद असते तर कधी मनिला, पण बाकी मजकूर फारसा हलत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांच्या हॉटमेल खात्याचा ताबा घेऊन त्यांच्या ओळखीच्या शेकडो लोकांना असाच मेल पाठवला गेला होता. मंत्रिमहोदय धर्मादाय कामासाठी नायजेरियात गेले असता त्यांचे पाकीट हरवले असून परत येण्यासाठी तीन हजार डॉलर हवेत, असे त्यात म्हटले होते. पदावर असलेल्या मंत्र्याच्या नावानेही हा बनाव रचता येतो, तर खातेदार बेसावध होता म्हणूनच असे घडले, असे मानण्याचे कारण नाही. संकटात सापडलेल्या दूरच्या माणसासाठी पैसे मागणारी ही युक्ती ईमेलपेक्षा कितीतरी जुनी आहे. 'स्पॅनिश कैद्या'च्या नावाने युरोपात एकोणिसाव्या शतकात टपालाने येणारी पत्रे याच जातीची होती.

परदेशी मेलमध्ये पैसे वेस्टर्न युनियनने पाठवा असे सांगितलेले असे, कारण तेथे दुसऱ्या टोकाला रोख रक्कम उचलून माणूस नाहीसा होऊ शकत होता. रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेखाली अशा कंपन्या भारतात काम करतात, ती योजना बाहेरून भारतात येणाऱ्या वैयक्तिक रकमांसाठीच आहे. त्यामुळे आपल्याकडील प्राप्तकर्त्याला पाठवलेल्या मेलमध्ये आता बँक खाते, यूपीआय क्रमांक किंवा गिफ्ट कार्ड यांची मागणी अधिक दिसते. पहिला मेल अगदी छोटा असतो: "आहात का? एक छोटे काम होते. घसा बसल्यामुळे फोनवर बोलता येत नाही, मेलवरच कळवा." यात पैशांचा उल्लेखही नसतो, आणि तो हेतुपुरस्सर टाळलेला असतो. पैसे, खाते क्रमांक, दुवे असले काहीच नसल्यामुळे स्पॅम ओळखणाऱ्या यंत्रणेला त्यात आक्षेपार्ह काही सापडत नाही, आणि जे उत्तर देतात त्यांचीच यादी समोरच्याच्या हाती आपोआप तयार होते. मग दुसऱ्या मेलमध्ये भाचीच्या वाढदिवसासाठी गिफ्ट कार्ड घेऊन त्यावरील क्रमांकाचे छायाचित्र पाठवण्याची विनंती येते, किंवा रुग्णालयातील अनामत रकमेसाठी 'एका सहकाऱ्याच्या' खात्यात पैसे भरण्याची.

पत्ता खरा असूनही मेल खोटा कसा असतो

सावध वाचक पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न अक्षर तपासतात. ही सवय चांगलीच आहे, मात्र येथे ती नेमकी अपुरी पडते. ईमेलच्या जगात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नावांच्या तीन तपासण्या आहेत. एखादा मेल ज्या सेवेच्या नावाने आला आहे, त्याच सेवेच्या अधिकृत यंत्रणेतून निघाला आहे का, एवढेच त्या पाहतात. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून तीन टिंबांच्या यादीतील 'शो ओरिजिनल' निवडले, तर या तिन्हींचे निकाल वरच दिसतात. चोर खऱ्या खात्यात शिरून तेथूनच मेल पाठवत असेल, तर तिन्हींपुढे 'पास' असेच लिहिलेले असते आणि ते बरोबरही असते. पत्र कोणत्या कचेरीतून निघाले हे पोस्टाचा शिक्का सांगतो, ते कोणी लिहिले हे त्याला ठाऊक नसते. या तपासण्यांचेही तसेच आहे. म्हणून 'पास' दिसले की मेल खरा, असा निष्कर्ष कोणी काढू नये, आणि सायबर सुरक्षेच्या सल्ल्यांत पत्ता तपासण्यावर जो भर असतो तो या प्रकारात दिशाभूल करणारा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन बिघाड कसे वेगळे ओळखावेत

पहिल्या प्रकारात खाते चोराच्या ताब्यात आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता तंतोतंत खरा असतो, उत्तरही त्याच पत्त्यावर जाते, आणि खातेदाराच्या 'सेंट' विभागात किंवा कचरापेटीत त्या मेलच्या खुणा बहुधा सापडतात. चोराने त्या मुद्दाम पुसलेल्या असल्या, तर मात्र सापडत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात मेल खऱ्या खात्यातून निघतो, पण उत्तर दुसरीकडे जाते. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्याखेरीज 'रिप्लाय-टू' नावाची एक वेगळी नोंद ठेवता येते, आणि ती असली तर उत्तराचे बटण दाबताच त्यातील पत्ता भरला जातो. चोर तेथे खऱ्या पत्त्यासारखाच दिसणारा स्वतःचा पत्ता ठेवतो. इंग्रजीतील लहान 'एल' अक्षराच्या जागी एकचा आकडा घातलेला असतो, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिलेले असतात, आडनावातील एखादे अक्षर दुहेरी केलेले असते, किंवा नाव तेच ठेवून फक्त सेवा बदललेली असते. याचा फायदा चोराला असा की खातेदाराने तासाभरात पासवर्ड बदलून खाते परत मिळवले, तरी ज्यांनी आधीच उत्तर दिले आहे त्यांच्याशी त्याचा संवाद त्या दुसऱ्या पत्त्यावरून निर्वेध चालू राहतो. म्हणून मेल मिळणाऱ्याने उत्तराचे बटण दाबून, काहीही न पाठवता, 'प्रति'च्या रकान्यात कोणता पत्ता आला आहे हे पाहावे. तो वेगळा दिसला तर शंकेला जागा उरत नाही. तो तोच दिसला, तर मात्र मेल खरा आहे असे सिद्ध होत नाही.

तिसरा प्रकार सर्वाधिक गोंधळ घालतो, आणि 'पासवर्ड बदलूनही मेल येतात' या तक्रारीमागे बऱ्याचदा तोच असतो. यात खाते आता पूर्ण सुरक्षित आहे, पण पहिल्या वेळी चोराने संपर्कांची यादी उतरवून घेतलेली आहे. पुढचे मेल तो तिऱ्हाईत खात्यावरून पाठवतो आणि फक्त नाव खातेदाराचे लावतो. मोबाइलवरील मेल ॲप बऱ्याचदा केवळ नाव दाखवते आणि पत्ता झाकून ठेवते, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की सरांच्याच खात्यावरून पुन्हा मेल आला. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडला की हा प्रकार लगेच लक्षात येतो. अशा वेळी खातेदाराने पासवर्ड कितीदाही बदलला तरी काही उपयोग नाही, कारण त्याच्या खात्याशी त्या मेलचा संबंधच उरलेला नसतो. प्राप्तकर्त्यांनी तो मेल फिशिंग, म्हणजे तोतयेगिरीचा फसवा मेल, म्हणून नोंदवणे आणि ज्या सेवेवर तो खोटा पत्ता काढला आहे तिच्याकडे गैरवापराची तक्रार करणे, हाच येथे मार्ग आहे.

भाषेवरून ओळखण्याबद्दल

मोडके इंग्रजी दिसले की मेल खोटा, हा ठोकताळा एके काळी कामाचा होता. आपल्याशी नेहमी मराठीत, किंवा रोमन लिपीतल्या मराठीत लिहिणारा मित्र अचानक औपचारिक इंग्रजीत लिहू लागला, तर आजही शंका घ्यावी. मावशीने आयुष्यभर 'तू' म्हटले आणि मेलमध्ये 'आपण कृपया' आले, तर तीही मोठी खूण आहे. परंतु यंत्राकडून बऱ्यापैकी मराठी लिहून घेणे आता अवघड राहिलेले नाही, आणि ज्याच्या हाती संपूर्ण खाते आहे त्याच्या हाती वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहारही आहे. आपल्याला कोण काय म्हणून हाक मारते, कोणाचे ऑपरेशन झाले, कोणाची मुलगी कोणत्या देशात शिकते, हे सारे त्याला तेथेच वाचायला मिळते. त्यामुळे भाषा विचित्र असेल तर मेल खोटा समजावा, पण भाषा ओळखीची आहे म्हणून तो खरा समजू नये.

त्यापेक्षा मागणीचा साचा पाहावा, कारण तो चोराला बदलता येत नाही. पैसे हवेत, ते आजच हवेत, फोनवर बोलता येणार नाही, घरी कोणाला सांगू नका, आणि पैसे जायचे आहेत ते तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. या पाचांपैकी फोन न चालण्याचे कारण आणि तिसऱ्या माणसाचे खाते या दोन गोष्टी एकत्र आल्या, की मी स्वतः पुढे काहीही वाचण्याची गरज मानत नाही. फोन चालू असता तर एका मिनिटात उलगडा झाला असता, आणि स्वतःचे म्हणून खाते दिले असते तर पैसे पाठवणाऱ्याला ॲपवर वेगळेच नाव दिसले असते. बनाव टिकवण्यासाठी चोराला या दोन्ही गोष्टी टाळाव्याच लागतात. यूपीआयवर पैसे पाठवण्यापूर्वी समोर येणारे बँकेतील नाव म्हणूनच थांबून वाचावे.

खात्री करण्याची पद्धत

मेलला उत्तर देऊन 'खरेच तुम्हीच आहात ना?' असे विचारणे ही सर्वांत सहज सुचणारी आणि सर्वांत निरुपयोगी गोष्ट आहे, कारण ते उत्तर चोरच वाचणार. त्याच पत्त्यावर नवा मेल लिहिण्यानेही फरक पडत नाही. गुपित प्रश्न विचारण्याचा सल्ला काही जण देतात, पण गावाचे नाव, शाळेचे वर्ष, मुलांची टोपणनावे हे सगळे जुन्या मेलमध्ये सापडण्याचा संभव असतो. मेलच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर फोन करणेही टाळावे. स्वाक्षरीतील क्रमांक बदलणे हे खाते हाती असलेल्याला क्षणाचे काम आहे.

खात्री मेलच्या बाहेर जाऊनच करावी लागते. आपल्या फोनमध्ये किंवा वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. तो लागला नाही तर त्यांच्या घरी, मुलांकडे, शेजाऱ्यांकडे, कचेरीत विचारावे. व्हॉट्सॲपवर विचारल्यास लेखी उत्तरावर समाधान मानू नये, कारण त्याच माणसाचे तेही खाते हातचे गेलेले असू शकते, प्रत्यक्ष बोलावे. आवाजाची नक्कल करणारी साधनेही आता उपलब्ध असल्याने, आलेल्या फोनपेक्षा आपण लावलेल्या फोनवर अधिक भरवसा ठेवावा.

येथे एक रास्त शंका उभी राहते: मेल खराच असला तर? महाराष्ट्रातील कितीतरी आईवडिलांची मुले परदेशात आहेत, आणि आपल्या शंकेखोरपणामुळे खऱ्या संकटातील माणूस अडकून पडेल ही भीती साधी नाही. तीच भीती चोराचे भांडवल आहे, म्हणून तिचे उत्तर आधीच माहीत असलेले बरे. परदेशात पासपोर्ट हरवलेल्या भारतीय नागरिकाला भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास परतीच्या एका प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, आणि पात्र प्रकरणांत त्यातून तात्पुरता निवारा व परतीचे तिकीट यांसाठी मदत होते. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले असून तेथे घरच्या माणसांनाही तक्रार नोंदवता येते. त्यामुळे 'दूतावासाने हात वर केले, आता फक्त तुम्हीच' असे म्हणणाऱ्या मेलवर विश्वास ठेवण्यापूर्वी त्या दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक अधिकृत संकेतस्थळावरून शोधून तेथे फोन लावावा. रुग्णालयाच्या बिलाची गोष्ट असेल, तर रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून त्या नावाचा रुग्ण तेथे दाखल आहे का हे विचारावे, आणि पैसे भरायचेच झाले तर थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावेत. खऱ्या रुग्णाचे यात नुकसान काहीच होत नाही, आणि खरा नातेवाईक या तासाभराच्या विलंबाबद्दल कधीही रागावणार नाही.

खातेदाराने करायची सफाई

आता ज्याच्या नावाने मेल गेले त्याच्याबद्दल. शक्य असल्यास सगळी कामे वेगळ्या, खात्रीच्या संगणकावरून करावीत, कारण आपल्याच यंत्रात माहिती चोरणारी प्रणाली बसलेली असली तर नवा पासवर्डही तिच्याच हाती जाईल. खात्यात शिरताच येत नसेल, तर सेवेच्या अधिकृत खाते-पुनर्प्राप्ती पानावर जावे. 'खाते परत मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या तिऱ्हाइतांच्या नादी लागू नये. येथे वेळेला फार महत्त्व आहे. चोराने पुनर्प्राप्तीचा फोन किंवा ईमेल बदलला असला, तरी गूगल त्यानंतर ७ दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर सांकेतांक पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सर्वच सुरक्षा माहिती एकदम बदलली गेली, तर तो बदल ३० दिवस प्रलंबित राहतो. पहिल्या आठवड्यात हालचाल करणाऱ्याची बाजू म्हणूनच बरीच बळकट असते.

आत शिरल्यावर नवा, अन्यत्र कोठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा आणि सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढावे (लॉग आउट करावे). बहुतेक लोक येथे थांबतात, आणि पुनरावृत्तीचे बीज येथेच राहते. चोराने आत असताना खात्याच्या मांडणीत जे बदल केले ते पासवर्डाबरोबर जात नाहीत. जीमेलच्या बाबतीत सेटिंग्जमधील 'फिल्टर्स' हा विभाग प्रथम पाहावा. ओळखीच्या लोकांकडून येणारे सगळे मेल, किंवा 'हॅक', 'फ्रॉड', 'पैसे' असे शब्द असलेले मेल थेट कचरापेटीत टाकणारा नियम तेथे लिहून ठेवलेला असू शकतो. 'आम्ही तुम्हाला चार वेळा कळवले' असे मित्र म्हणतात आणि 'मला एकही मेल आला नाही' असे खातेदार शपथेवर सांगतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. मधे हा नियम बसलेला असतो. त्यानंतर 'फॉरवर्डिंग'मध्ये आपले मेल परक्या पत्त्यावर परस्पर पाठवले जात नाहीत ना, हे पाहावे. तसे होत असेल, तर दुसऱ्या सेवांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही चोराला घरबसल्या मिळत राहतात. 'अकाउंट्स' या विभागात 'सेंड मेल ॲज'पुढील 'रिप्लाय-टू' पत्ता आणि 'ग्रांट ॲक्सेस टू युवर अकाउंट' म्हणजे दुसऱ्याला दिलेला प्रवेश, या दोन नोंदी तपासाव्यात. स्वाक्षरी आणि सुट्टीतील स्वयंचलित उत्तरही वाचून घ्यावे. याहू, आउटलुक आणि इतर सेवांमध्ये नावे थोडी वेगळी असतात, आउटलुकमध्ये फिल्टरला 'रूल्स' म्हणतात, पण शोधायच्या जागा याच आहेत.

जीमेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग मोबाइल ॲपमध्ये तपासता येत नाहीत, त्यासाठी संगणकावरील ब्राउझर लागतो. ज्येष्ठ मंडळींपैकी पुष्कळ जण ईमेल फक्त फोनवरच पाहतात, त्यामुळे चोराचा नियम त्यांच्या दृष्टीस महिनोन्महिने पडत नाही. घरातील कोणीतरी शेजारी बसून हे काम एकदा संगणकावर करून द्यावे, आणि ते करताना पासवर्ड विचारून घेण्याऐवजी त्यांनाच टंकू द्यावा.

शेवटी गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर जोडलेली बाहेरची ॲप आणि 'ॲप पासवर्ड', म्हणजे इतर ॲपना खाते उघडता यावे म्हणून काढलेले वेगळे पासवर्ड, पाहावेत. अनोळखी असेल ते काढून टाकावे. पुसलेले मेल ३० दिवस कचरापेटीत असतात आणि पुसलेले संपर्कही ३० दिवसांच्या आत परत आणता येतात. चोर संपर्क पुसतो तो खातेदाराला कोणाला सावध करता येऊ नये म्हणून, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नये.

चोर आत आला कोठून

हे न शोधता केलेली सफाई फार काळ टिकत नाही. सर्वांत सामान्य कारण म्हणजे एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणे. याहूच्या २०१३ मधील माहितीचोरीत तीन अब्ज खात्यांची माहिती गेली, असे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केले; तेव्हाचा पासवर्ड आजही दुसऱ्या एखाद्या खात्यावर चालू असेल, तर तो वापरून पाहणे हे चोरांचे नित्याचे काम आहे. 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर आपला पत्ता अशा कोणत्या चोरीत सापडला आहे का, हे विनामूल्य पाहता येते.

दुसरे कारण पुनर्प्राप्तीच्या जुन्या वाटा. बंद पडलेला मोबाइल क्रमांक दूरसंचार नियमांनुसार किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि याहूने २०१३ मध्ये दीर्घकाळ न वापरलेली नावे नव्या लोकांना देण्याचे जाहीर केले होते. आपल्या खात्याला दहा वर्षांपूर्वीचा क्रमांक किंवा विसरलेला याहू पत्ता जोडलेला असेल, तर खात्याची किल्ली परक्याकडे गेली आहे असेच समजावे आणि तो पत्ता आजच काढून टाकावा.

तिसरे कारण पाहायला कठीण असते. फुकटात मिळालेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेली प्रणाली ब्राउझरमधील लॉगिनची कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची साठवलेली खूण, उचलून नेते, आणि ती कुकी हाती असलेल्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असूनही खाते गेले, असे सांगणाऱ्यांच्या बाबतीत ही शक्यता प्रथम तपासावी. सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढल्याने जुनी कुकी निकामी होते, पण संगणक स्वच्छ केला नाही तर नवीही जाईल. दोन टप्प्यांची पडताळणी अर्थातच सुरू करावी. फोनवर पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनच्याच कुलपाने (बोटाचा ठसा, पिन) लॉगिन करण्याची सोय, वापरता येत असेल तर ती अधिक चांगली, कारण खोट्या लॉगिन पानावर ती चालत नाही.

ओळखीच्यांना कळवताना चोराने पाठवलेल्या मेललाच 'सर्वांना उत्तर' देऊ नये. नवा मेल लिहून सर्वांचे पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे एकमेकांना पत्ते न दिसणाऱ्या रकान्यात, घालावेत, आणि ज्येष्ठांना व एकट्या राहणाऱ्यांना फोनच करावा. 'माझे खाते हॅक झाले होते' एवढेच न लिहिता, आपले मेल यापुढे कोणत्या पत्त्यावरून येतील आणि पैशांची मागणी आपण मेलवरून कधीही करणार नाही, हे स्पष्ट लिहावे. तिसऱ्या प्रकारच्या बिघाडावर खातेदाराला करता येण्यासारखे एवढेच असते आणि ते परिणामकारकही असते.

पैसे गेले असतील तर

त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. तो लागेपर्यंत आपल्या बँकेलाही कळवावे. व्यवहाराचा यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचे खाते हाताशी ठेवावे, कारण ही माहिती मिळाल्यावर ज्या बँकेत पैसे गेले तिला ते पुढे हलण्याआधी गोठवण्याची विनंती जाते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात, त्यामुळे पहिल्या तासात केलेली तक्रार आणि दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार यांत मोठे अंतर पडते. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी. गिफ्ट कार्डाचा क्रमांक दिला असेल तर कार्ड देणाऱ्या कंपनीला पावतीसह लगेच कळवावे; कार्ड अजून वापरलेले नसेल तर ते थांबवता येण्याची शक्यता असते. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक येथे सहसा लागू होत नाही, कारण पैसे आपण स्वतःच पाठवलेले असतात. म्हणून बँक भरपाई देईल या भरवशावर वेळ दवडू नये.

ज्याचे खाते वापरले गेले त्यानेही स्वतंत्र तक्रार द्यावी, त्याचे स्वतःचे पैसे गेले नसले तरी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६-सी मध्ये दुसऱ्याच्या पासवर्डाचा किंवा ओळखीचा अप्रामाणिक वापर, आणि ६६-डी मध्ये संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून केलेली फसवणूक, हे गुन्हे असून दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेची फसवणुकीविषयीची कलमेही लागू होऊ शकतात. तक्रारीसोबत मेलचे केवळ छायाचित्र देणे पुरेसे नाही, कारण मेल कोणत्या यंत्रणांतून आला याची नोंद छायाचित्रात येत नाही. 'शो ओरिजिनल'मधून मूळ मेल फाइल म्हणून उतरवून घ्यावा, चोराने केलेले फिल्टर आणि फॉरवर्डिंगचा पत्ता पुसण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत, खात्यात कोठून प्रवेश झाला याची यादी जपून ठेवावी, आणि प्राप्तकर्त्यांनाही त्यांच्याकडील मेल पुसू नका असे सांगून ठेवावे.